आयर्लंडचं घर सापडलं, सोलापुरातली कबर सापडेना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदींसाठी लोकांना किती चकरा माराव्या लागतात यावर मध्ये आपल्या पेपरात आलं होतं, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझ्या खापरपणजोबांचं आयर्लंडमधलं घर मला सोलापूरच्या रेल्वे लाइन्स भागात घरी बसून मोबाइलवर सापडलं. आणि त्यांची कबर, जी माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर असायला हवी, ती तीन वर्षं झाली सापडत नाहीये.

आधी हे आयरिश कुठून आले ते सांगते. आमची आजी, म्हणजे आईची आई, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, तिचे वडील गाडीवर गार्ड होते, आणि त्यांचे वडील कंपनी सरकारच्या मुंबईच्या गोऱ्या पलटणीत शिपाई म्हणून आले होते. त्या काळी कंपनीच्या गोऱ्या शिपायांत आयरिश पोरांचा भरणा मोठा होता, त्यातच तिकडं 1845 पासून बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या सात वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीनं आणि तापानं गेली, तेवढीच देश सोडून गेली. आमचे खापरपणजोबा तेव्हा सात-आठ वर्षांचे असतील. मोठे झाल्यावर पलटणीत भरती झाले, पलटण सुटल्यावर रेल्वेत लागले. सोलापूरला रेल्वे 1860 ला आली, त्यानंतरची ही गोष्ट.

आजी "आपण टिपरेरीचे" असं म्हणायची, आम्हाला ती 'इट्स अ लाँग वे टू टिपरेरी' हे जुनं इंग्रजी गाणं म्हणतेय असं वाटायचं. ते आयर्लंडमधल्या जिल्ह्याचं नाव आहे हे मला फार उशिरा कळलं.

शोध खरा सुरू झाला तो मँचेस्टरच्या भाचीमुळे. मी तिच्याकडे गेले होते तेव्हा तिने माझी थुंकी नळीत घेऊन डीएनए टेस्टला पाठवली. दीड महिन्याने लिस्ट आली, त्यात टिपरेरीच्या एका बाईंशी माझे 38 सेंटीमॉर्गन (दोघांचा डीएनए किती सारखा ते मोजायचं माप) जुळत होते. एवढं जुळलं तर साधारण चौथ्या फळीतलं भावंडाचं नातं, म्हणजे पाच पिढ्यांमागचं जोडपं एकच, असं निघतं, पण तेवढ्यावर खात्री धरता येत नाही, आणि त्या फळीतल्या जवळपास निम्म्या भावंडांचं तर काहीच जुळत नाही. म्हणजे कागद लागतोच.

आणि कागदाच्या बाबतीत आयर्लंडचं नशीब फार वाईट. 30 जून 1922 ला तिथल्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्स या कोर्टाच्या इमारतीत स्फोट होऊन आग लागली आणि सरकारी दप्तरखाना जळाला, शेकडो वर्षांचे कागद गेले, जळके तुकडे शहरभर उडत पडले होते. 1821 ते 1851 च्या जनगणना बहुतेक सगळ्या त्यात संपल्या. 1861 आणि 1871 च्या तर सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या आणि पुढच्या दोन पहिल्या महायुद्धात कागदाच्या लगद्यात गेल्या. एवढं सगळं होऊन त्या लोकांनी काय केलं, तर जे उरलं ते सगळ्यांना फुकट उघडं करून दिलं. 1901 आणि 1911 ची जनगणना घरटी फॉर्मसकट नेटवर आहे, कॅथलिक चर्चची जुनी रजिस्टरं नॅशनल लायब्ररीने 2015 मध्ये नेटवर टाकली, आणि जळालेल्या दप्तराच्या नकला जगभरातून गोळा करून 2022 मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, दप्तरखाना जमेल तेवढा कॉम्प्युटरवर परत उभा करून सगळ्यांना खुला केला.

मला या सगळ्याचा उपयोग झाला. 1864 च्या आधी तिथं कॅथलिक लोकांच्या जन्माची सरकारी नोंद नाही, म्हणून चर्चचं रजिस्टर बघायचं, आणि ते लॅटिनमध्ये, जेम्सचं जेकोबस आणि विल्यमचं गुलिएल्मुस, हे कळेपर्यंत मी दोनदा त्याच पानावरून पुढे गेले होते. आडनावातला 'ओ' कधी आहे कधी नाही. शेवटी नावांच्या रीतीने वाट दाखवली. तिकडे पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायची पद्धत होती, आपल्यासारखीच! गार्ड पणजोबा थोरले, त्यांचं नाव घेऊन मागे गेले आणि 1850 च्या सुमाराच्या जमीन मोजणीत, ज्याला ते ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन म्हणतात, त्याच नावाचा माणूस एका टाउनलँडमध्ये सापडला. टाउनलँड म्हणजे आपली वाडी समजा, अशा साठ हजारांवर वाड्या आहेत त्या देशात, म्हणून नुसतं जिल्ह्याचं नाव असून काही होत नाही. 1901 ला त्याच वाडीत खापरपणजोबांचा धाकटा भाऊ, वय 58. 1911 ला तोच माणूस 71! मी घाबरले की माणूस चुकला, पण डीएनए जुळलेल्या टिपरेरीच्या त्या बाईंनी सांगितलं की 1909 पासून सत्तरीच्या पुढे पेन्शन सुरू झालं आणि जन्माचे दाखले कोणाकडेच नव्हते, त्यामुळे आख्ख्या आयर्लंडची वयं वाढली. त्या या भावाच्या पणती.

आमचं व्हिडिओ कॉलवर बोलणं झालं. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या असं सांगतात की तो मुलगा भारतात गेला आणि त्याच वर्षी तापाने वारला, त्याच्या नावाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, पण झाली होती. मी म्हटलं अहो नाही, त्याला सात मुलं झाली, मी त्यातल्याच एकाची. दोन मिनिटं आम्ही दोघी काही बोललो नाही.

खापरपणजोबांच्या मृत्यूची नोंद मला लंडनहून मिळाली. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधून बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला तिकडे जायच्या, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तारीख आहे, गाव सोलापूर आहे. कबर कुठल्या रांगेत ते नाही. ते इथल्या मूळ रजिस्टरमध्ये असणार, आणि ते मागायला मी जिथं गेले तिथं मला आधी "पुढच्या सोमवारी या", मग "तसलं जुनं काही नाही", आणि शेवटी "पावसाळ्यात भिजलं, काढून टाकलं" असं सांगितलं गेलं. तिकडे आगीत गेलं ते लोक शंभर वर्षं शोधतायत आणि इथं गळक्या पत्र्याखाली गेलं त्याचा कोणाला पत्ता नाही, याचा मला फार त्रास होतो.

आणि त्याहून जास्त त्रास खापरपणजीचा होतो. ती इथलीच होती. लग्नाच्या नोंदीत नवऱ्याचं नाव, बापाचं नाव, पलटण सगळं आहे, तिच्यापुढे फक्त बाप्तिस्म्याचं एक नाव, ना बाप ना आडनाव ना गाव. साडेसात हजार किलोमीटरच्या पुढची वाडी मला सापडली आणि हिचं माहेर कदाचित पुढच्या गल्लीत असेल. तिच्या बाजूच्या कोणी टेस्ट केलेली नाही, मग जुळणार कोणाशी.

आपल्याकडे नोंदी नाहीत असं कोणी म्हणू नये. आमच्या शेजाऱ्यांकडे अजून हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारे लोक, येतात, चोपडी उघडून सात पिढ्या वाचून दाखवतात. 2023 ला कुणबी नोंदी शोधायचं ठरलं तेव्हा कोतवाल बुकं, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्या, निघाली, मोडी वाचणारे निघाले, बरंचसं काम काही महिन्यांत झालं. मग जन्म-मृत्यूची, शाळांची, दफनभूमीची, गिरणी कामगारांची जी रजिस्टरं उरलीत त्यांचे मोबाइलने का होईना फोटो काढून ठेवायला काय हरकत आहे? कोणाकडे चर्चच्या, रेल्वे क्वार्टरच्या जुन्या वह्या, फोटो, दफनाच्या पावत्या असतील तर कृपया रद्दीत घालू नका, पेपरकडे कळवा.

टिपरेरीच्या बाई डिसेंबरात सोलापूरला येणार आहेत. दफनभूमीतले कबरींचे दगड मी स्वतःच एकेक वाचत चाललेय, 140 झाले. खडू किंवा ब्रश लावायचा नाही, दगड खराब होतो, नुसतं साधं पाणी शिंपडायचं. दर रविवारी सकाळी सात वाजता मी तिथं असते, ऊन तिरपं असतं तेव्हा पुसट अक्षरं वाचता येतात, साडेआठनंतर काही दिसत नाही. ज्यांना जमेल त्यांनी यावं, पाण्याची बाटली आणावी.

आपली,
एक वाचक, रेल्वे लाइन्स, सोलापूर