घराच्या प्लॉटची वाटणी : महसूलमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. चंद्रशेखर बावनकुळे,
महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : निवासी प्लॉटच्या कौटुंबिक वाटणीच्या अटी आधीच लेखी मिळण्याबाबत

मा. महोदय,
स. न. वि. वि.

नागपूरच्या मानेवाडा भागात बाबांनी नोकरीत असताना घेतलेला ४० बाय ६० चा प्लॉट आहे. आरएल, म्हणजे प्लॉट नियमित असल्याचं पत्र मिळालेला, कर वेळेवर भरलेला. आई-बाबा गेल्यावर आम्ही तिघं वारस उरलो. ताई, मी आणि धाकटा भाऊ.

वारसा कायद्याप्रमाणे ताईचा हिस्सा आमच्याइतकाच आहे आणि तो द्यायचाच, असं ठरवून आम्ही बसलो होतो. प्लॉटची रुंदी ४० फूट. तीन भाग केले की प्रत्येकाला १३ फूट आणि वर काही इंच येतात. एवढ्या अरुंद तुकड्याला मंजुरी मिळेल का, हे विचारत फिरलो. ओळीतल्या घरांसाठी अरुंद प्लॉट चालतो, असं एकाने सांगितलं. दुसरा म्हणाला, विचारही करू नका. लिहून द्या म्हटलं तर कोणीच तयार होईना. चार महिन्यांनी ताईच म्हणाली, "माझ्यापायी तुमचं अडायला नको," आणि हक्कसोडपत्र करून मोकळी झाली. सही करताना ती गप्प होती. ती गोष्ट मला अजून लागून आहे.

मग २० फुटांचे दोन भाग धरून वाटणीपत्र रीतसर नोंदवलं. भावाला घर बांधायचं होतं. बँकेने स्वतंत्र आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, आणि मंजूर नकाशा मागितला. आखीव पत्रिका वेगळी करायला गेलो तर आधी उपविभागणीचा मंजूर नकाशा आणा म्हणाले. नकाशा मंजूर करायला गेलो तर आधी मोजणी करून या म्हणाले. या दोन टेबलांमध्ये चौदा महिने गेले.

मोजणी झाली त्या दिवशी गेटच्या खांबापासून मागच्या सीताफळापर्यंत दोरी ताणली आणि तिच्याखाली चुना टाकत आले. रेघ नेमकी जुन्या घराच्या स्वयंपाकघरातून गेली. अर्धा ओटा माझ्याकडे, शेगडी भावाकडे. भावाची बायको पोळ्या लाटत होती, ती लाटणं हातात धरून तशीच उभी राहिली. तेव्हा पहिल्यांदा कळलं की उभं घर रेघेवर असेल तर दोन स्वतंत्र प्लॉट होताना मधल्या भिंतीचा आणि बाजूला सोडायच्या जागेचा प्रश्न येतो. हे आधी कळलं असतं तर वाटणीच वेगळी आखली असती. आता वाटणीपत्र बदलायचं तर पुन्हा मुद्रांक, पुन्हा नोंदणी.

नियम सैल करा असं मी म्हणत नाही. नागपुरात ते न पाळल्याचे भोग आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. शेतं तोडून खसऱ्याच्या नंबरावर प्लॉट विकले गेले, स्टॅम्प पेपरवर व्यवहार झाले, आणि मग मंजुरी नसलेल्या ५७२ अन् १९०० लेआउटचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत राहिलं. अशा वस्त्यांसाठी राज्याला २००१ मध्ये गुंठेवारी कायदा आणावा लागला. पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन घरी जायचे ते दिवस आठवतात. रस्ता, सांडपाण्याची गडर, अग्निशमनाची गाडी वळायला जागा, हे सगळं हवंच.

पण २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली घ्या. ०.४ हेक्टर किंवा त्याहून जास्त जमीन असेल तर १० टक्के मोकळी जागा सोडायची, हे त्यात चटकन सापडतं. २४०० चौरस फुटांवर तीन वारस असलेल्या माणसाला त्या जाड पुस्तकात आपल्या चार ओळी सापडत नाहीत. म्हणून तो दलाल गाठतो, किंवा मधोमध भिंत घालून गप्प बसतो.

शेतीच्या वाटणीला मुद्रांक १०० रुपये आहे आणि नोंदणी फी २०२५ मध्ये आपल्या सरकारने माफ केली. जुन्या गुंठ्यांच्या गळ्यातला तुकडेबंदीचा, म्हणजे जमिनीचे छोटे तुकडे करायच्या मनाईचा फास त्याच वर्षी सोडवायला घेतला. तीच माया वडिलांच्या राहत्या घराच्या प्लॉटला मिळावी. वाटणीपत्र करण्याआधी वारसांनी एक अर्ज द्यावा आणि ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर मिळावं : या प्लॉटचे इतके भाग होतील, कमीत कमी रुंदी इतकी, जागा इतकी सोडावी लागेल, जुन्या घराचं असं करावं लागेल. नकाशा मंजूर झाला की त्याच फाइलवर मोजणी आणि त्याच फाइलवर वेगवेगळ्या आखीव पत्रिका व्हाव्यात. नगरविकास खातं आपल्याकडे नाही, हे ठाऊक आहे. पण भूमी अभिलेख आणि नोंदणी आपल्याकडेच आहे, आणि आपण जिल्ह्याचे पालकमंत्री आहात. दोन्ही खात्यांना एका टेबलाशी बसवणं आपल्याला जमेल.

आमची फाइल तयार आहे. आपण बोलवाल त्या दिवशी ती घेऊन येतो. ताईलाही सोबत आणीन.

आपला,
एक प्लॉटधारक
मानेवाडा, नागपूर