ब्राऊन खटल्याच्या पुढची गोष्ट

महोदय,

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या सरकारी शाळांवरचा लेख वाचला, चांगला आहे, पण तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या १९५४ च्या ब्राऊन निकालाने सगळ्या मुलांना समान शिक्षण मिळालं असा जो सूर त्यात लागलाय तो काही पटत नाही. वर्णावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या हे मोठंच काम होतं, पण शाळेला पैसा कुठून येणार हा प्रश्न तसाच राहिला, आणि तिथे कोर्टाने १९७३ मध्ये चक्क हात वर केले. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या एजवूड भागातले मेक्सिकन वंशाचे पालक कोर्टात गेले होते, कारण शाळा चालतात बऱ्याच अंशी स्थानिक मालमत्ता करावर, आणि गंमत नाही, खरंच सांगतो, शेजारच्या श्रीमंत अलामो हाइट्सपेक्षा हे लोक जास्त दराने कर भरत होते तरी त्यांच्या मुलांमागे वर्षाला ३५६ डॉलर खर्च व्हायचे आणि तिकडे ५९४! सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असं ठरवलं की शिक्षण हा अमेरिकेच्या राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्कच नाही. विरोधात मत देणाऱ्या न्यायाधीशांत थर्गुड मार्शल होते, म्हणजे पूर्वी ब्राऊन खटला लढवणारे तेच वकील. एजवूडला पुढे न्याय मिळाला तो १९८९ मध्ये, टेक्सास राज्याच्या स्वतःच्या सुप्रीम कोर्टात. हा भाग लेखात यायलाच हवा होता.

- एक वाचक, पुणे