पडद्यावर न दिसणारे

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे आल्यापासून मी एवढे चित्रपट पाहतो, तर मला नेमके कोणत्या प्रकारचे आवडतात, असे तुम्ही मागच्या पत्रात विचारले होते. मी समीक्षक नाही, सुटीच्या दिवशी मिळेल तो चित्रपट पाहणारा साधा प्रेक्षक आहे. तरी एक गोष्ट मला पक्की पटली आहे. प्रकार कोणताही असो, जो दिग्दर्शक काही गोष्टी माझ्या कल्पनेवर सोडतो, त्याचाच चित्रपट माझ्या मनात घर करतो.

भयपटांचेच घ्या. किंकाळ्यांनी आणि रक्ताने मी दचकतो, पण ते दचकणे लगेच ओसरते. स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या १९७५ सालच्या ‘जॉज’मध्ये मात्र शार्क बराच वेळ दिसतच नाही. चित्रीकरणासाठी बनवलेला यांत्रिक मासा समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बिघडत असल्यामुळे दिग्दर्शकाला पाण्याचा पृष्ठभाग, तरंगणारी पिंपे आणि जॉन विल्यम्स यांच्या संगीतातले ते दोन स्वर यांवरच भागवावे लागले. यंत्र नीट चालले असते, तर मी एवढा घाबरलो नसतो.

विनोदी चित्रपटांत मला अखंड बडबड सहन होत नाही. बोलपट येऊन चार वर्षे झाली असतानाही चार्ली चॅप्लिन यांनी १९३१ साली ‘सिटी लाइट्स’ संवादांविना काढला. त्याच्या शेवटी, दृष्टी परत मिळालेली फुलवाली आपल्या उपकारकर्त्याला केवळ हाताच्या स्पर्शाने ओळखते, तेव्हा तासभर हसत असलेला मी एकाएकी गप्प झालो.

मारधाडीच्या चित्रपटांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. दृश्ये इतक्या भराभर बदलतात की कोण कोणाला मारतो हेच समजत नाही आणि माझे लक्ष उडते. विज्ञानपटांत स्टॅन्ली कुब्रिक यांनी १९६८ सालच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मध्ये अंतराळातली नि:शब्दता जशी राखली, तशी राखण्याचे धैर्य मला इतरत्र क्वचितच दिसले.

सर्वांत अधिक आवडला तो सिडनी ल्युमेट यांचा १९५७ सालचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’. खटला खुनाचा, पण खून एकदाही दाखवलेला नाही. ९६ मिनिटांतला जवळजवळ सगळा वेळ ज्युरीचे बारा सदस्य एका खोलीत बसून वाद घालतात. उत्तरार्धात ती खोली अंगावर येऊ लागली आणि त्याचे कारण मला पहिल्यांदा कळले नाही. पुढे वाचनात आले की, सुरुवातीला कॅमेरा माणसांच्या डोळ्यांच्या पातळीहून उंच ठेवलेला होता, मग तो त्या पातळीवर आला आणि शेवटी तिच्याही खाली गेला, त्यामुळे छत दिसू लागले. शिवाय भिंगेही अशी बदलत नेली होती की भिंती माणसांच्या पाठीशी येऊन भिडल्यासारख्या वाटाव्यात. हे समजल्यावर मी तो पुन्हा पाहिला, आणि सारे ठाऊक असूनही माझा जीव तसाच गुदमरला.

तुम्ही आणि आई हा चित्रपट अवश्य पाहा. कॅमेऱ्याविषयी मी जे लिहिले आहे, ते मात्र आईला आधी सांगू नका. खोली लहान होत असल्याचे तिला आपसूक जाणवते का आणि कोणत्या प्रसंगी, ते मला पुढच्या पत्रात कळवा.

तुमचा आज्ञाधारक मुलगा