गुरुजी, तुम्ही आप्पांना विचारलंत

आदरणीय गुरुजी,
सादर नमस्कार.

आमच्या चराऊ माळावर झाडं लावण्यासाठी चर खोदायला आलेला जेसीबी परत गेला, त्यालाही आता एक पावसाळा उलटला. तरी तुमचं नाव निघालं की आईचे डोळे भरतात. समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही विषय बदलला असता, म्हणून इथं सगळ्यांदेखत लिहितोय.

तुमच्या आधी ज्यांच्या दारात गेलो, त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. एका साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "मेंढरांनीच रान उजाड केलंय, आता झाडं लावू द्या." निवडणुकीत पिवळे फेटे बांधून आमच्या वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या तळावर, येणारे तर फोन उचलेनात. माळावर उंच झाडं नाहीत म्हणजे तिथं काहीच नाही, असं यांचं गणित. पण तिथं पवन्या आहे, मारवेल आहे. त्या गवतावर आमची मेंढरं जगतात, चिंकारा जगतो. धाविक पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. लांडगा कोकरू उचलतो, पण तोही माळाचाच. गिरिपुष्पासारख्या झाडांची दाट सावली पडली की हे गवत टिकत नाही.

तुमचं स्वतःचं एक मेंढरू नाही. तरी भर उन्हात तुम्ही आप्पांबरोबर अख्खा माळ फिरलात. कुठलं गवत कधी बी धरतं, कुठला भाग आधी चारायचा, आप्पा सांगत गेले आणि तुम्ही वहीत उतरवून घेतलंत. मग बांधावर बसून सगळं पहिल्यापासून वाचून दाखवलंत आणि विचारलंत, "आप्पा, काही चुकलंय का?"

गुरुजी, कागद पुढं करून 'इथं अंगठा उठव' म्हणणारे आप्पांनी जन्मभर पाहिले. त्यात काय लिहिलंय ते बरोबर आहे का, हे त्यांना कधीच कुणी विचारलं नव्हतं. आप्पा म्हणाले, चुकलंय. कुसळी गवत बी धरायच्या आत चारायचं, नाहीतर कुसं लोकरीतून कातड्यात शिरतात. तुम्ही खोडलंत आणि त्यांच्याच शब्दांत पुन्हा लिहिलंत. त्या दिवसापासून आप्पा चारचौघांत बोलायला लागले.

ग्रामसभेत काय झालं आणि जेसीबी कसा परत गेला, हे गावाला माहीतच आहे. मला मोठं वाटतं ते पुढचं. पाण्यावरून ज्या वाड्यांचं बोलणं बंद होतं, ते एकत्र बसले. ओढ्यापलीकडचा भाग पहिल्या पावसापासून दसऱ्यापर्यंत कुणी चारायचा नाही, असं ठरलं. यंदा ते कुणीही मोडलं नाही. गवत गुडघ्याला लागलं.

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे कुरणांचं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केलं. त्याची भाषणं व्हायची तेवढी होऊ देत. माणसाला माणूस समजून ऐकून घेणारे तुमच्यासारखे गावोगाव आहेत. त्यांचे फ्लेक्स लागत नाहीत, पण गावं त्यांच्यामुळंच धड राहिलीत.

दिवाळीनंतर वाडे कोकणात उतरतील. त्याआधी तुमच्या रानाला लेंड्यांचं खत मिळावं म्हणून तिथं मेंढरं बसवायची, असं आप्पांनी ठरवलंय. खताच्या बदल्यात द्यायचं धान्य ते घेणार नाहीत. तुम्ही आग्रह कराल, पण या बाबतीत ते कुणाचंच ऐकायचे नाहीत.

तुमचा,
मेंढपाळाचा मुलगा