गरिबांवर बोजा पडतो हे खरं, पण ते उत्तर नव्हे

संपादक साहेब, नमस्कार. राजारामपुरीतल्या एका क्लासच्या सराव पेपरातला प्रश्न बघितला. विधान असं, की पेट्रोल-डिझेल, कोळशावर टॅक्स वाढवला की वापर कमी होईल आणि म्हणून प्रदूषण घटेल. हा युक्तिवाद सगळ्यात जास्त कमकुवत कशानं होतो? पर्याय ब, गरिबांवर बोजा पडेल. पर्याय क, दुसरी सोय नसली की लोक महाग झालं तरी तेवढंच इंधन घेतात. उत्तरसूचीत ब दिलंय!

ब मनाला पटतं, मलाही पटतं, पण विधान प्रदूषणाबद्दल आहे ना, न्यायाबद्दल नाही. टॅक्स अन्यायाचा असूनही प्रदूषण घटू शकतं. आणि बोजाला उपाय असतो, कॅनडात ब्रिटिश कोलंबियानं २००८ ला कार्बन टॅक्स, म्हणजे असाच इंधनावरचा टॅक्स, लावला तेव्हा गोळा झालेला पैसा इतर टॅक्स कमी करून लोकांना परत दिला होता.

क मात्र मधला दुवाच तोडतो. आपल्याकडं ऊस हंगामात शिरोळ, कागलकडनं कारखान्याला जाणारा ट्रॅक्टर बघा, दोन ट्रॉल्या मागं लावलेल्या, डिझेल पाच रुपयांनी वाढलं म्हणून तो काय खेप सोडणार आहे का, ऊस तोडला की वाळायच्या आत पोचवायलाच लागतो. किंमत वाढली, वापर तेवढाच, मग धूर कमी कसा होणार?

पोरं उत्तरसूची प्रमाण मानून पाठ करतात हो. क्लासवाल्यांनी ती दुरुस्त करावी आणि ब का चुकतं ते फळ्यावर समजावून सांगावं, एवढी कळकळीची विनंती.

— एक पालक, कोल्हापूर