दमेकऱ्याचे पथ्य की उपासमार?

संपादक महोदय,

माझी आई इथे निपाणीत तंबाखूच्या वखारीत चाळणीवर कामाला होती, आणि घरी चूल. जन्मात कधी विडी ओढली नाही, तरी साठीत डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका आकसत जाण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार, सांगितला. गल्लीत त्याला दमाच म्हणतात. मग पथ्य सुरू झाले. दुधाने कफ होतो, केळे थंड, अंडे उष्ण, शेंगदाण्याने खोकला. सांगणाऱ्या बायका सगळ्या मायेच्याच. उरले काय, तर भात आणि पातळ आमटी. दोन वर्षांत आई 47 किलोवरून 38 वर आली. आजारपण आहे, वजन उतरणारच, असे आम्ही धरून चाललो.

यंदा एका डॉक्टरांनी पहिल्यांदाच विचारले, जेवता काय? या आजारात नुसता श्वास ओढायलाच निरोगी माणसाच्या कितीतरी पट ताकद खर्ची पडते. खाणे कमी पडले की शरीर स्वतःचे स्नायू खाते. त्यात श्वासाचेही आले. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 21 च्या खाली गेला की धोका वाढतो. आईचा 16 होता! वजनाच्या किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे तिला पन्नासेक ग्रॅम. एका अंड्यात असतात सहा. आणि दुधाने घसा चिकट वाटतो खरा, पण छातीतला कफ वाढत नाही.

पोट गच्च भरले की श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू, वर दाबले जाते, म्हणून आता पाच वेळा थोडे थोडे. ताकातली नाचणीची आंबील, कुळथाचे पिठले, अंडे, तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी. चावताना धाप लागते, तेव्हा भाकरी दुधात कुस्करून. दम्याच्या औषधाचा पंप घेतल्यावर चूळ भरायची हेही तेव्हाच कळले. तोवर तोंड येऊन चवच गेली होती. चार महिन्यांत वजन 41 झाले. धाप आहेच, पण न्हाणीपर्यंत भिंत न धरता जाते.

आधीच्या दवाखान्यातल्या कागदावर आहाराच्या चार ओळी होत्या, कन्नडमध्ये. मला कन्नड येते. मी वाचल्या नाहीत, ही चूक माझी. पण आईला आणि तिच्याबरोबर वखारीत राबलेल्या बायकांना ती येत नाही, आणि चुलीपुढे त्याच असतात. कन्नडला माझा विरोध नाही. त्याच ओळी मराठीतही छापाव्यात, एवढेच मागणे. कागदाची मागची बाजू कोरीच असते.

– एक वाचक, निपाणी (जि. बेळगाव)