अडकित्ता घासू नकोस

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोन मी रागात ठेवला. ‘आजीचा पितळी अडकित्ता चिंच-मीठ लावून लख्ख करतो, मग तिच्यासाठी फोटो काढतो’ म्हणालास आणि त्यापुढचं मला काही ऐकूच आलं नाही. म्हणून लिहितेय. बोलायला गेले की माझा आवाज चढतो.

अडकित्ता घासू नकोस. त्याच्यावरचा तपकिरी-काळपट थर हा मळ नाही. हवा आणि हात लागून धातूवर तो वर्षानुवर्षं चढलाय. आंबट लावलं की पाच मिनिटांत उतरेल आणि परत मिळायचा नाही. वर पितळेतलं जस्त निघून जातं आणि तांबूस-गुलाबी डाग उमटतात, ते वेगळंच. शिवाय पातं लोखंडी आहे. चिंचेचं पाणी खिळीपाशी फटीत शिरलं तर आतून गंज धरेल आणि अडकित्ता अडकून बसेल.

साफ करायचाच तर कोरडा मऊ कुंचला घे आणि अडकित्त्यावरच्या मोराच्या पिसाऱ्यातल्या खाचांची धूळ झाड. हिरवी भुकटी दिसली तर टूथपिकच्या टोकाने अलगद काढ. लोखंडी टोक लावू नकोस. नंतर हातमोजे घाल. घामातल्या मिठाचा ठसा आज दिसत नाही, महिन्याभराने काळा होऊन वर येतो.

खिडकी डाव्या हाताला येईल असं टेबल लाव आणि काचेवर ट्रेसिंग पेपर चिकटव. खोलीतली ट्यूब बंद कर, नाहीतर अर्धं पितळ निळसर आणि अर्धं हिरवट येतं आणि ते एडिटिंगमध्ये काही केल्या सुटत नाही. उजवीकडे वीतभर अंतरावर पांढरा पुठ्ठा उभा कर. कडा पार्श्वभूमीत विरघळायला लागल्या तर काळ्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी चौकटीच्या जरा बाहेर धर, पितळेला काळी रेघ मिळते आणि आकार उठून दिसतो. खाली आजोबांचा शिसवी पाट ठेव. आत्याने दिलेला लाल खण नको, त्याचा रंग दांड्यांच्या खालच्या बाजूला चढेल. शर्टसुद्धा काळा किंवा करडा घाल. घासलेलं पितळ म्हणजे आरसा. त्यात खिडकीचे गज, ट्रायपॉडचे पाय, तुझं तोंड, सगळं दिसेल. आहे तसं ठेवलंस तर उजेड मऊ पसरतो आणि निम्मं काम तिथेच होतं. पोलरायझर, म्हणजे लेन्सवरचा चमक कापणारा फिल्टर, मात्र काढून ठेव. पाटाच्या पॉलिशवरची चमक तो घालवेल, उघड्या धातूवरची त्याला जात नाही.

अडकित्ता अर्धा उघडा ठेव, खाली वाटाण्याएवढं मेण लाव म्हणजे घसरणार नाही. शेजारी एक अख्खी सुपारी आणि एक फोड, कापलेली बाजू कॅमेऱ्याकडे. त्यातल्या पांढऱ्या शिरा दिसल्या पाहिजेत. ओलं पान पात्याला टेकू देऊ नकोस.

कॅमेऱ्यात आयएसओ 100, लेन्सचं छिद्र एफ/11, रॉ फाइल, दोन सेकंदांचा टायमर. शटर पाव सेकंदाच्या आसपास जाईल, ट्रायपॉडवर चालतं. पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायचं करडं कार्ड, ठेव. फोकस हाताने, स्क्रीनवर मोठं करून, मोराच्या चोचीवर. मागचा दांडा धूसर होतो म्हणून छिद्र बारीक करून एफ/22 वर जाऊ नकोस, सगळंच चित्र मऊ पडतं. त्यापेक्षा फोकस थोडा थोडा मागे सरकवत सहा फ्रेम घे आणि फोटोशॉपमध्ये एकत्र कर.

चोचीचं मुद्दाम सांगते. एका बाजूची चोच सपाट झालीय, बघितलीस का? आजीचा अंगठा तिथे असायचा. जेवणं झाली की झोपाळ्यावर बसून कातरायची, आणि त्या करकर आवाजावर तू माझ्या मांडीवर झोपायचास. तेवढीच जागा सोनेरी आहे, बाकी सगळा मोर काळा. घासलास तर सगळंच सोनेरी होईल आणि तो अंगठा कुठे होता ते कुणालाच कळणार नाही.

बघ, पुन्हा तिथेच आले. शिकवणी लावल्यासारखं होतंय, माफ कर. तुला हे येतं. दिवाळीत काढलेल्या कंदिलाच्या फोटोत काचेवरची काजळी तू तशीच ठेवली होतीस. मी तो नानाकाकांना तीनदा दाखवला. म्हणूनच काल चिंचेचं नाव ऐकून जीव घाबरला.

एडिटिंगमध्येही घासता येतं, हे लक्षात ठेव. व्हाइट बॅलन्स ग्रे कार्डवरून घे, पण पाटाची ऊब फार गेली तर किंचित परत आण. हायलाइट्स खाली घे आणि हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजेडाच्या आलेखात, लाल चॅनेल वेगळा बघ. पितळेत तो सगळ्यात आधी उजव्या भिंतीला टेकतो आणि तिथला तपशील जातो. सॅच्युरेशन वाढवलंस की पितळ प्लास्टिकसारखं पिवळं दिसतं. क्लॅरिटी दहाच्या वर नको, प्रत्येक ओरखडा ओरडायला लागतो. डाग पुसणारा हीलिंग ब्रश शंभर टक्के झूम करून फक्त धुळीवर फिरव. पोचा, ओरखडे, चोच, यांना हात लावायचा नाही. उजेड-सावली सावरायची असेल तर वेगळ्या लेयरवर, ब्रशचा फ्लो पाच टक्के ठेवून.

प्रिंट ए3 काढ. तुझ्या कॅमेऱ्याच्या 6000 बाय 4000 पिक्सेलना तो सहज झेपतो. कागद मॅट घे, चकचकीत कागदावर आजीच्या हॉस्पिटलमधली ट्यूबच दिसेल. एडिट करताना स्क्रीनची ब्राइटनेस निम्म्यावर आण, नाहीतर प्रिंट काळोखी येते. आधी चोचीचा छोटा तुकडा छापून बघ.

आजीच्या एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा राहिलाय. तिला अंधुक दिसतं, पण काळ्यात तेवढा सोनेरी ठिपका असला तर ती ओळखेल. लख्ख अडकित्ता पुढे धरला तर म्हणेल, हा कुणाचा? मला त्याचीच भीती आहे, ओंकार, बाकी कशाची नाही.

वेळ मिळाला तर केळकर संग्रहालयात जाऊन तिथले अडकित्ते बघून ये, पुण्यातच आहेस.

रविवारी नानाकाका तिकडे येतायत, प्रिंट त्यांच्याकडे दे. पुठ्ठ्याच्या नळीत घाल, घडी नको. आणि अजून घासला नाहीस ना? रात्री कितीही वाजू देत, एवढं कळव.

आई